‘मी पेरु’ म्हणजे कोण? सोलापुरात कानावर पडणाऱ्या चिमुकल्या शब्दांचे घोळ

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौक-कन्ना चौकाच्या आसपास, नवख्या मराठी माणसाला कुणी अदबीनं विचारलं, ‘मी पेरु एमि?’ तर त्याच्या डोळ्यांपुढे फळांची हातगाडीच उभी राहते. विचारणारा फक्त ‘तुमचं नाव काय?’ असं विचारत असतो. तेलुगूत ‘मी’ म्हणजे तुमचं, ‘पेरु’ म्हणजे नाव आणि ‘एमि’ म्हणजे काय. मराठीत जो शब्द बोलणाऱ्याच्या छातीवर हात ठेवतो, तोच तेलुगूत समोरच्याकडे बोट दाखवतो.

जेवणाच्या पंगतीत याहून मोठी फजिती होऊ शकते. तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. मराठीत ‘चालू’ म्हणजे सुरू. पाहुणा ताटावर आडवा हात धरून ‘चालु, चालु’ म्हणतोय आणि मराठी वाढपी उत्साहानं आणखी एक भाकरी टाकतोय, असं होणं अगदी शक्य आहे. पाहुण्याचा हात वेळेवर दिसला तरच सुटका.

सोलापुरात अशा टकरी होणारच. गिरण्या आणि मागांच्या काळात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरात आजही तेलुगू आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. बाराव्या शतकातल्या संत सिद्धरामेश्वरांची वचनं, म्हणजे भक्तिपर रचना, कन्नडमध्येच आहेत, आणि जानेवारीतल्या त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला सगळ्या भाषांचं गाव लोटतं. विजापूर वेशीकडे दखनी, म्हणजे इकडची उर्दू, ऐकू येते, बाजारपेठेत गुजराती-मारवाडी. मराठी, गुजराती, हिंदी आणि दखनी या आर्यभाषा. तेलुगू आणि कन्नड या द्राविडी. दोन वेगळी कुळं एकाच भाजी मंडईत घासाघीस करतात, तेव्हा छोट्या शब्दांचे घोळ होण्यात नवल नाही. नवल आहे ते यात, की इतके कमी होतात.

आधी घोळ का होतो ते बघू. बाराखडी डोळ्यांपुढे आणा. क पासून ळ पर्यंत ३४ व्यंजनं आणि प्रत्येकाची १२ रूपं. ३४ गुणिले १२, म्हणजे ४०८. एका अक्षराचा शब्द करायचा तर मराठीकडे एवढाच माल आहे. दोन अक्षरी शब्दांसाठी हाच आकडा दीड लाखाच्या पुढे जातो आणि तीन अक्षरी शब्दांसाठी पावणेसात कोटींच्या पुढे. म्हणून ‘अडकित्ता’ हा शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत जशाच्या तसा, पण ‘समुद्र’ या अर्थानं सापडेल असं वाटत नाही. ‘ना’, ‘का’, ‘तो’, ‘बा’ मात्र जिथे जाल तिथे सापडतील.

४०८ हा आकडासुद्धा फुगलेलाच आहे. ‘ङ’ किंवा ‘ञ’ची बाराखडी कोण वापरतं? जगभरच्या भाषा म, न, क, त, प, ब असल्या सोप्या व्यंजनांना आ, ई, ऊ, ए, ओ जोडून काम भागवतात. सहा पंचे तीस. जगात सुमारे ७ हजार भाषा आणि पहिल्या पसंतीच्या जागा जेमतेम तीस. मग एकेका जागेवर किती जण बसले असतील याचा हिशोब तुम्हीच करा.

त्यात आणखी एक गोम. जो शब्द जास्त वापरला जातो, तो आखूड असतो. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शब्द मोजून मोजून हे दाखवलं. मी, तू, हा, तो, का, ना, नी, च हे शब्द आपण दिवसभर तोंडात घोळवतो. वापरून वापरून शब्द झिजतो, म्हणून लहान होतो. संस्कृत ‘मया’ प्राकृतातून झिजत आला आणि त्याचा आपला ‘मी’ झाला. हिंदीतला ‘का’ (‘राम का घर’ मधला) संस्कृत ‘कृत’ या धडधाकट शब्दाचा उरलेला तुकडा मानतात. म्हणजे भाषेतले सगळ्यात कामाचे शब्द नेमके त्या तीस जागांमध्ये येऊन कोंबले जातात.

आता काही शब्द सावकाश बघण्यासारखे आहेत.

‘ना’ घ्या. मराठीत तो लाडीगोडीचा: ‘ये ना’, ‘सांग ना’. थोडा आवाज चढवला की हट्टाचा. हिंदीत ‘ना’ म्हणजे सरळ नकार. तेलुगूत ‘ना’ म्हणजे माझं. ‘ना पेरु’ म्हणजे माझं नाव. उत्तर कर्नाटकाच्या बोलण्यात ‘नानु’ आखडून ‘ना’ होतो आणि त्याचा अर्थ मी. ‘ना बर्तीनि’ म्हणजे मी येतो. नुसत्या मराठी कानाला वाटेल, हा गडी ‘ना’ म्हणाला म्हणजे येत नाही. तो मात्र चप्पल घालून निघालेला!

‘नी’ची तीच तऱ्हा. आपल्या बोलण्यात ‘मी नी तू’, म्हणजे आणि. कन्नडमध्ये ‘नी’ म्हणजे तू, तेलुगूत ‘नी’ म्हणजे तुझं. कन्नड आणि तेलुगूची ही जोडी एका घरातली आहे, आपला ‘नी’ मात्र ‘आणि’ची शेपूट. गंमत म्हणजे तेलुगूत ‘अनि’ असाही एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘असं म्हणून’ असा होतो. ‘आणि’शी त्याचा काडीचा संबंध नाही.

‘बा’ मला स्वतःला सगळ्यात आवडतो. मराठी खेड्यात ‘माझा बा’ म्हणजे वडील. गुजरातीत ‘बा’ म्हणजे आई. कन्नडमध्ये ‘बा’ म्हणजे ये. १९९०च्या दशकात कर्नाटकात एक अफवा फिरत होती, की रात्री एक भूत ओळखीच्या आवाजात हाक मारून दार वाजवतं. लोकांनी दारांवर, भिंतींवर लिहून ठेवलं, ‘नाळे बा’. म्हणजे उद्या ये. भूत बिचारं रोज वाचून परत जायचं म्हणे. मराठी भूत असतं तर ‘नाळेचा बाप कोण’ या विचारातच उजाडलं असतं.

‘बे’ तर सोलापूरकरांच्या जिभेवरच असतो. ‘काय बे’ ही इथली हाक; अनोळखी माणसाला मारू नये, दोस्ताला न मारली तर त्याला राग येतो. शाळेत ‘बे एके बे’ म्हणताना हाच आवाज दोन या अर्थानं येतो, आणि गुजरातीतही ‘बे’ म्हणजे दोनच. पाढ्यातला आणि गुजरातीतला ‘बे’ हे सख्खे, दोघंही संस्कृत ‘द्वे’च्या वंशातले. ‘बेकार’, ‘बेघर’ मधला ‘बे’ मात्र फारसीतून आलेला, म्हणजे शिवाय किंवा विना. एकाच शहरात, एकाच माणसाच्या तोंडी तीन ‘बे’ नांदतात आणि कुणाचं काही अडत नाही.

आणि ‘तो’. सोलापूरपासून जवळ, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल आहे. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८चा शिलालेख आहे. मराठीच्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. त्यातली ओळ अशी वाचतात: ‘वाछि तो विजेया होईवा’. जो वाचेल तो विजयी होईल. ‘विजेया’ आणि ‘होईवा’ आज आपण तसे म्हणत नाही, पण मधला ‘तो’ हजार वर्षांत तसूभर हललेला नाही. हाच आवाज हिंदीत ‘तर’ या अर्थानं येतो. तेलुगूत तो शब्दाच्या मागे चिकटतो आणि त्याचा अर्थ सोबत: ‘नातो’ म्हणजे माझ्यासोबत.

आता थोडं कानाचं. आपण हे सगळं देवनागरीत लिहितोय म्हणून काही शब्द आहेत त्यापेक्षा जास्त सारखे दिसतात. तेलुगूत ‘पाट’ म्हणजे गाणं. लिहिताना तो आपल्या बसायच्या पाटासारखाच दिसतो. पण मराठीत आपण शेवटचा ‘अ’ गिळतो आणि तेलुगू माणूस तो पुरता म्हणतो. उलट ‘ल’ आणि ‘ळ’ यांच्यातला फरक सोलापूरच्या तिन्ही भाषांना कळतो, हिंदीवाल्याची मात्र तिथे गाळण उडते. त्याचा एक भन्नाट नमुना. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड आणि ‘कळ्ळु’ म्हणजे ताडी. तेलुगूत ‘कल्लु’ म्हणजे ताडी आणि ‘कळ्ळु’ म्हणजे डोळे. ल-ळ मध्ये चूक केली तर कन्नड माणसाकडे ताडीऐवजी दगड मागितला जातो, आणि ल-ळ बरोबर सांभाळून कन्नडातली ताडी तेलुगू माणसाकडे मागितली, तर त्याचे डोळे मागितले जातात.

आता मुद्द्याचा भाग. दोन भाषांतले शब्द सारखे वाटले की आपल्याकडे लगेच नातं जोडायची घाई होते. अमुक भाषा आमच्यातूनच निघाली, हा बघा पुरावा, म्हणून एक अक्षर पुढे केलं जातं. मला या प्रकाराचा मनापासून वैताग आहे. साम्याची कारणं मुख्यतः तीन असतात: रक्ताचं नातं, उसनवारी आणि निव्वळ योगायोग. शब्द जितका छोटा, तितका योगायोगाचा संशय जास्त धरावा.

तिन्ही प्रकार आपल्याला इथल्या इथे दिसतात. मराठी ‘मी’ आणि इंग्रजी ‘मी’ (‘मला’ या अर्थाचा) हे खरोखर एकाच मोठ्या कुळातले, लांबचे का होईना, भाऊबंद. इंग्रजी, लॅटिन, संस्कृत या सगळ्यांत स्वतःविषयी बोलताना ‘म’ डोकावतो. तेलुगू ‘मी’ त्या कुळातला नाही. तो ‘मीरु’ म्हणजे ‘तुम्ही’ या शब्दाचं रूप आहे आणि आपल्या ‘मी’शी त्याची गाठ फक्त आवाजात पडते. हिब्रूतही ‘मी’ आहे, तिथे त्याचा अर्थ कोण. तोही योगायोगच. त्याच हिब्रूत ‘ही’ म्हणजे ती, म्हणजे बाई. आपला ‘ही’सुद्धा बाईलाच लागतो! आवाज जुळला, अर्थही जुळला, तरी नातं शून्य. आणि इंग्रजीत ‘ही’ म्हणजे तो. पहिलीतल्या पोरांची तिथे किती गोची होत असेल.

उसनवारीची उदाहरणं मराठी घरातच बसलेली आहेत. अक्का, अण्णा, अप्पा हे आपले वाटणारे शब्द द्राविडी शेजाऱ्यांकडून आलेत. उलट दिशेनं दखनीनं मराठीचा ‘नको’ उचलला आणि त्याचा ठसकेबाज ‘नक्को’ केला. आपला जोर देणारा ‘च’ सुद्धा दखनीनं घेतला. ‘वैसाच’, ‘ऐसाच’ हे विजापूर वेशीवर रोज ऐकू येतं. एका अक्षराची वस्तू, पण मालकी सिद्ध करता येते, कारण ती नुसत्या आवाजात जुळत नाही, वाक्यातलं तिचं काम आणि तिची जागाही जुळते.

मग रक्ताचं नातं ओळखायचं कसं? एका शब्दावरून नाही, ठरावीक फरकांच्या रांगेवरून. तेलुगू आणि कन्नड शेजारी ठेवून बघा. दूध: पालु, हालु. वाघ: पुलि, हुलि. साप: पामु, हावु. डुक्कर: पंदि, हंदि. जिथे तेलुगूत ‘प’, तिथे कन्नडमध्ये ‘ह’. जुन्या कन्नडमध्येही ‘प’च होता, मध्ययुगात त्याचा ‘ह’ झाला. हा खरा पुरावा, कारण योगायोग असा रांगेत उभा राहत नाही. तसंच हिंदी आणि मराठीचं. बाघ-वाघ, बीस-वीस, बिच्छू-विंचू, बेल-वेल. शब्द हुबेहूब सारखे असणं हे नात्याचं लक्षण नाहीच. उलट ते एकाच पद्धतीनं वेगळे असणं हे लक्षण आहे.

योगायोगाचा जगप्रसिद्ध नमुना ऑस्ट्रेलियातला. क्वीन्सलंडमधल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन हे भाषाभ्यासक ती भाषा नोंदवायला बसले आणि पहिल्याच काही शब्दांत हा निघाला. इंग्रजांकडून घेतला असेल असं कुणालाही वाटेल. पण आसपासच्या नात्यातल्या भाषा पाहिल्यावर दिसलं, की तो ‘गुदगा’सारख्या जुन्या शब्दातून, त्या भाषेच्या नेहमीच्या बदलांनी झिजत तयार झालाय.

‘हो’चं प्रकरण या सगळ्याहून खोल आहे. मराठीत होय, कन्नडमध्ये ‘हौदु’, दखनीत ‘हौ’, तेलुगूत ‘अवुनु’. होय आणि हौदु ऐकून वाटतं की एकानं दुसऱ्याचं उचललं. पण होय हा ‘होणे’ मधला, मागे जाऊन संस्कृत ‘भवति’ला भिडणारा. ‘हौदु’ हा आधीच्या ‘अहुदु’चं रूप आणि त्याचं मूळ ‘आगु’, म्हणजे कन्नडमधलं होणे. तेलुगू ‘अवुनु’ही त्यांच्या ‘अवु’, म्हणजे होणे, याच धातूतला. मराठीचं मूळ या दोघांहून वेगळं, पण तिन्ही भाषांनी संमती दाखवायला ‘होणे’ हेच क्रियापद निवडलं. आवाज योगायोगानं जवळ आले असतील. विचाराची वाट मात्र एकच आहे.

अशा वाटा शेजारामुळे जुळतात. मराठीत ‘आम्ही जेवायला निघालोय’ म्हटलं तर समोरच्यानं उठायचं नसतं आणि ‘आपण जेवायला निघालोय’ म्हटलं तर उठायचं असतं. हिंदीतल्या ‘हम’ला हा भेद जमत नाही. तेलुगूला जमतो: ‘मेमु’ म्हणजे आम्ही, ‘मनमु’ म्हणजे आपण. मराठीत हा भेद द्राविडी शेजारामुळे आला असं बरेच अभ्यासक मानतात. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू शेजारी शेजारी बोलल्या जात. त्यांना असं दिसलं, की शब्द प्रत्येकानं आपापले ठेवलेत, पण वाक्यांची बांधणी इतकी एकसारखी झालीय की एका भाषेतल्या वाक्यात शब्दाला शब्द बदलत गेलं की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार होतं. सोलापुरात चार भाषा बोलणारी पोरं का सापडतात, याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

आणि घोळ कमी का होतात, त्याचंही. छोटा शब्द म्हणजे गाडीच्या पाटीवरचा शेवटचा चार आकडी नंबर. तोच नंबर पुण्यातही असतो, लातूरलाही असतो; आधीचं ‘एमएच १३’ वाचलं की ती सोलापूरची गाडी. बोलताना हे ‘एमएच १३’ आजूबाजूच्या शब्दांतून, हेलातून, माणसाच्या ओळखीतून आधीच कळलेलं असतं. ‘ना’ वाक्याच्या शेवटी आला तर आपला, नावाच्या आधी आला तर तेलुगू, क्रियापदाला घेऊन आला तर कन्नड. हे नियम कुणी शिकवत नाही, कान शिकतो.

मशीनची मात्र इथे अडचण होते. लेख कुठल्या भाषेतला आहे हे संगणक अक्षरांच्या जोड्या आणि त्यांचं प्रमाण बघून ओळखतो, त्यासाठी त्याला मजकूर लागतो. दोन-तीन अक्षरांचा निरोप, त्यातही रोमन लिपीत लिहिलेला, म्हणजे त्याच्यासाठी अंदाजपंचे. म्हणून फोनवर ‘का’ लिहिताना पुढचा शब्द कधी मराठी सुचतो, कधी हिंदी. फोन बदलून फायदा नाही. कीबोर्डवर भाषा आधी निवडून ठेवणं एवढाच उपाय.

राहिले नात्याचे शब्द. तेलुगूत ‘नान्ना’ म्हणजे वडील, हिंदीत ‘नाना’ म्हणजे आईचे वडील, आणि मराठीत नाना हे कुणाचंही लाडकं नाव असू शकतं. रशियनमध्ये ‘बाबा’ म्हणजे आजी किंवा बाई. हे शब्द सगळीकडे इतके सारखे का, यावर रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं साधारण असं: तान्ह्या बाळाला सगळ्यात आधी जमतात ते ओठांचे आवाज, म आणि प-ब. बाळ नुसतं बडबडतं, आणि आपल्यालाच हाक मारली असं समजून जवळची माणसं ते आवाज आपापसांत वाटून घेतात. वाटणी सहसा ठरलेली असते, ‘म’ आईकडे आणि ‘प-ब’ बापाकडे. पण जॉर्जियन भाषेनं ती उलटी केली. तिथे ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई, त्यामुळे तिथल्या पोरांना सुट्टीत मामाच्या घरी जायचं म्हणजे घरातच बसून राहायचं.